बिघाड किती वेळा, आणि किती दिवस?

वसई पूर्वेला वालीव नाक्यावरून आत वळले की दोन्ही बाजूंना गाळेच गाळे लागतात. कुठे प्लास्टिकची झाकणे निघत असतात, कुठे डाय बनतात, कुठे लेथवर लोखंड सोलले जात असते. अशाच एका इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या अर्ध्या गाळ्यात, अॅम्प्लिफायर, मिक्सर आणि कीबोर्ड दुरुस्त करणारे एक काका बसतात. माझा जुना अॅम्प्लिफायर घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा तिथे एक तरुण तोंड पाडून बसला होता. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा. तुळशीची लग्ने तोंडावर आलेली, सीझनच्या सुपाऱ्या घेतलेल्या, आणि साडेचार वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेला कीबोर्ड चालूच होत नव्हता.

"मेन बोर्ड गेलाय," काका म्हणाले. "बदलावा लागेल."

"मग बदला ना काका."

"मिळाला तर बदलीन. कंपनी म्हणते, मॉडेल बंद झालं."

टेबलावर दुसऱ्या कुणाचा तरी कीबोर्ड दुरुस्त होऊन तयार होता. काकांनी तपासणी म्हणून त्यातला एकेक टोन लावून बघायला सुरुवात केली. एका टोनवर बासरीसारखा आवाज आला; पण सरळ नाही. जरा थरथरता, घसा बसल्यासारखा, आणि पट्टी दाबून धरली तरी सात-आठ सेकंदांनी आपोआप तुटणारा. तरुण म्हणाला, "हा पण गेलेला वाटतोय." काकांनी छोट्या पडद्याकडे बोट दाखवले. तिथे टोनचे नाव होते : मेलोट्रॉन. "हा खराब नाही रे," ते म्हणाले, "खराब असल्यासारखा बनवलाय."

मी नोकरीची बरीच वर्षे कारखान्यांच्या देखभाल विभागात काढली आहेत. काकांचे ते वाक्य डोक्यातून जाईना. एका जुन्या यंत्राचा बिघाड इतका लोकांच्या आवडीचा झाला, की नव्या यंत्रात तो मुद्दाम भरावा लागला. आणि ज्या नव्या यंत्रात तो भरला, त्याच जातीचे एक यंत्र शेजारी मरून पडले होते. जुने विश्वासार्ह की नवे, हा प्रश्न आपण अनेकदा विचारतो, पण तो बहुतेक वेळा अर्धाच विचारतो.

आधी हा मेलोट्रॉन काय प्रकार आहे ते पाहू. ज्यांच्या घरात एके काळी कॅसेट प्लेअर होता, त्यांना तो समजायला दोन मिनिटे पुरतील. कॅसेट प्लेअरमध्ये टेप एका हेडवरून सरकते आणि तिच्यावर चुंबकीय रूपात नोंदवलेला आवाज ऐकू येतो. आता अशी कल्पना करा, की पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली असा एक स्वतंत्र टेप प्लेअर आहे. 'सा'च्या पट्टीखालच्या टेपवर खऱ्या बासरीवाल्याने वाजवलेला 'सा' आहे, 'रे'च्या पट्टीखाली त्याचाच 'रे'. पट्टी दाबली की तिच्याखालची टेप सरकू लागते आणि तो स्वर ऐकू येतो. पट्टी सोडली की स्प्रिंग टेपला पुन्हा मूळ जागी ओढून घेते.

ही कल्पना मूळची अमेरिकेतल्या हॅरी चेंबरलिन यांची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी असे वाद्य बनवायला घेतले. १९६२मध्ये त्यांचा एक विक्रेता दोन वाद्ये घेऊन इंग्लंडला गेला आणि एकसारखी सत्तर टेप हेड कोण बनवून देईल याचा शोध घेऊ लागला. बर्मिंगहॅममध्ये ब्रॅडली बंधूंचा लहानसा कारखाना होता. त्यांनी हेड तर दिलीच, पण अख्खे वाद्यच सुधारून बनवायला घेतले, आणि १९६३मध्ये पहिला मेलोट्रॉन तयार झाला. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' या १९६७च्या गाण्याच्या सुरुवातीला जी बासरी वाजते, ती याच वाद्याची. १९७०मध्ये त्याचे एम४०० नावाचे सुटसुटीत रूप आले. सुटसुटीत म्हणजे पन्नास किलोंहून जास्त वजनाचे! त्यात ३५ पट्ट्या, प्रत्येक पट्टीखाली एक सेंटिमीटरहून किंचित कमी रुंद अशी टेप, तिच्यावर शेजारी शेजारी तीन आवाज आणि वाजण्याची मुदत साधारण आठ सेकंद. टेप संपली की स्वर संपला. गायकाला श्वास घ्यावा लागतो, तसा या यंत्रालाही.

आता यात बिघडण्यासारखे काय आहे? खरे तर न बिघडण्यासारखे काय आहे, असे विचारायला हवे. सगळ्या पट्ट्यांच्या खालून एकच लांब पोलादी दांडा सतत फिरत असतो. पट्टी दाबली की रबरी रोलर टेपला त्या दांड्यावर दाबतो आणि एक मऊ गादी टेपला हेडवर दाबते. रोलर किती दाबायचा, गादी किती दाबायची, याचे दोन स्क्रू प्रत्येक पट्टीला वेगळे. म्हणजे ३५ पट्ट्यांचे ७० स्क्रू. एखादा ढिला झाला की तो स्वर उतरतो किंवा गुदमरतो. रबर कडक होते. हेडवर टेपची भुकटी साचते. टेप कधी मागे येताना अडकते, कधी चुरगळते. दांडा फिरवणारी मोटर एकच. एकदम खूप पट्ट्या दाबल्या की तिच्यावर भार येतो आणि सगळाच सूर खाली बसतो. एम४००च्या सुरुवातीच्या यंत्रांत तर मोटरचा वेग सांभाळणारे कार्डच कच्चे होते, ते पुढे बदलावे लागले. हे यंत्र ट्रकमध्ये घालून गावोगाव न्यायचे, थंड गोदामातून दिव्यांनी तापलेल्या रंगमंचावर चढवायचे आणि मग सुरात वाजण्याची अपेक्षा करायची. त्या काळचे वादक या वाद्याला शिव्या घालत आणि तरीही सोडत नसत.

शाळेतली संभाव्यता इथे कामाला येते. समजा, एका पट्टीची यंत्रणा एका कार्यक्रमात बिनबोभाट चालण्याची शक्यता ९९ टक्के आहे. ऐकायला छान वाटते. पण अशा ३५ पट्ट्या असतील, तर सगळ्याच्या सगळ्या नीट चालण्याची शक्यता ०.९९चा ३५वा घात, म्हणजे सुमारे ७० टक्के. दहापैकी तीन कार्यक्रमांत कुठली तरी एक पट्टी दगा देणारच. तीच शक्यता पट्टीमागे ९९.९ टक्क्यांपर्यंत नेली, तर एकूण आकडा साडेशहाण्णवच्या जरा वर जातो. भाग वाढले की बिघाड वाढतात, हा देखभाल विभागातला पहिला धडा. डिजिटल नक्कल इथे सरळ जिंकते, कारण तिच्यात हलणारे भाग जवळपास नाहीतच. मूळ टेपवरचे आवाज स्मृतीत साठवलेले. पट्टी दाबली की संगणक तो साठा वाचतो. स्वीडनमध्ये बनणारा एम४०००डी पाहा, किंवा २००६च्या सुमारास जर्मनीत आलेला मेमोट्रॉन, किंवा साध्या संगणकावर चालणारी सॉफ्टवेअर; कुणालाही भुकटी साचत नाही, रबर झिजत नाही. आणि हो, टेपची डगमग, आठ सेकंदांची मुदत, सगळे त्यात हुबेहूब उतरवलेले असते. फक्त ही डगमग दर वेळी त्याच जागी, तितकीच येते. मूळ यंत्रात ती रोज वेगळी असायची.

म्हणून कुणी मला विचारले, की उद्या रंगमंचावर कुठले न्यावे, तर मी डोळे मिटून डिजिटल सांगेन. जुन्याच्या प्रेमापोटी खोटे बोलण्यात अर्थ नाही. वसईच्या जुलैतली हवा ज्याने अनुभवली आहे, त्याने टेपवर विसंबून कार्यक्रमाची सुपारी घेऊ नये. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटी, आणि ती भुकटी धरून ठेवणारा एक चिकट थर. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या कित्येक टेपमध्ये हा थर पॉलियुरेथेनचा असे. तो हवेतली ओल शोषतो, त्याचे रेणू तुटतात आणि टेप चिकट होऊन हेडला धरते. अभिलेखागारात अशा टेप पन्नास-पंचावन्न अंशांवर काही तास सावकाश शेकून तात्पुरत्या वाजण्याजोग्या करतात आणि लगेच त्यांची नक्कल उतरवून घेतात. टेपला आवडते ती हवा साधारण २० अंशांची आणि ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेची. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या दुप्पट असते.

(जाता जाता : घरात आजोबांच्या भजनाच्या, लग्नाच्या, आईच्या आवाजाच्या कॅसेट असतील, तर हे वाचून झाल्यावर त्यांची नक्कल करून घेण्याचे मनावर घ्या. त्या कॅसेट शेकण्याचा प्रयोग मात्र स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये करू नका.)

एवढे सगळे डिजिटलच्या बाजूने बोलून झाल्यावर मी पुन्हा त्या गाळ्यातल्या तरुणाकडे येतो. त्याचा कीबोर्ड साडेचार वर्षांत एकदाच बिघडला. या हिशेबाने तो कमालीचा विश्वासार्ह. पण त्या एका बिघाडाने त्याचा अख्खा सीझन धोक्यात आला. मेलोट्रॉनवाल्याचे यंत्र महिन्या-दोन महिन्यांनी कुरकुरत असे. पण तो मागचे झाकण उघडून, स्क्रू पिळून, हेड पुसून त्याच संध्याकाळी वाजवायला बसत असे.

देखभालीच्या शास्त्रात यासाठी दोन वेगळी मापे आहेत. एक, दोन बिघाडांमधला सरासरी काळ. दुसरे, दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ. जाहिरातीत आणि गप्पांत आपण पहिल्याबद्दलच बोलतो. पण वापरणाऱ्याला हवे असते ते तिसरेच : हवे तेव्हा यंत्र चालू स्थितीत मिळेल का? त्याचे गणित सोपे आहे. पहिला काळ भागिले दोन्ही काळांची बेरीज.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक यंत्रे घेऊ. एक दर तीन महिन्यांनी बिघडते, पण दोन तासांत दुरुस्त होते. तीन महिन्यांचे तास २,१६०. म्हणजे २,१६० भागिले २,१६२. उत्तर ९९.९ टक्के. दुसरे यंत्र सहा वर्षांत एकदाच बिघडते, पण सुटा भाग मिळून दुरुस्त व्हायला चार महिने लागतात. ७२ महिने भागिले ७६. उत्तर ९५ टक्क्यांच्याही जरा खाली. चोवीसपट कमी बिघडणारे यंत्र उपलब्धतेच्या हिशेबात मागे पडले! आणि सुटा भाग मिळालाच नाही, तर दुसऱ्या यंत्राच्या गणितात दुरुस्तीचा काळ अनंत होतो. मग पहिला आकडा कितीही मोठा असो, उपयोग नाही.

हा दुरुस्तीचा काळ यंत्रावर तर अवलंबून असतोच, पण तितकाच तो त्या यंत्राच्या आसपास कोणती माणसे आणि कोणती हत्यारे आहेत यावरही असतो. म्हणून मला वालीव महत्त्वाचे वाटते. समजा, एखादा टेपचा मेलोट्रॉन मोडक्या अवस्थेत वालीवला आणून ठेवला. दांडा वाकला असेल तर लेथवर नवा काढून मिळेल. एक शतांश मिलिमीटरच्या हिशेबात काम करणारे टर्नर इथे आहेत. रबरी रोलर हवेत, तर रबर मोल्डिंगवाले शेजारी आहेत. स्प्रिंगा वळून देणारे आहेत. मोटर जळली तर रिवाइंडिंगवाला आहे. लाकडी पट्टी फुगली असेल तर रंधा मारायला सुतार आहे. नुसत्या हातातल्या नमुन्यावरून, कंपनीचा एकही कागद न बघता, ही माणसे वस्तू बनवून देतील. न मिळणारी गोष्ट म्हणजे टेपवरचे मूळ ध्वनिमुद्रण, आणि हेड अवघड जाईल. बाकी सगळे हाताच्या अंतरावर.

आणि त्या तरुणाच्या कीबोर्डचा बोर्ड? त्यावरची मुख्य चिप नखाएवढी. तिचे शंभराहून जास्त पाय. गरम हवेच्या बंदुकीने काका ती काढू शकतात, नवी बसवूही शकतात; हात तेवढा सराईत आहे. पण नवी चिप कोरी असते. तिच्यात कंपनीचा प्रोग्रॅम भरावा लागतो आणि तो कंपनी देत नाही. बोर्डाचा नकाशाही देत नाही. म्हणजे इथे कौशल्य कमी पडत नाही, माहिती अडवलेली आहे. हे दोन प्रकार आपण वेगळे ओळखले पाहिजेत. "आजकालच्या वस्तू दुरुस्तच होत नाहीत" असे म्हणून आपण निसर्गनियम असल्यासारखे मान डोलवतो. तो निसर्गनियम नाही, कुणीतरी घेतलेला निर्णय आहे.

डिजिटल वस्तूला म्हातारपण येत नाही, हाही एक गैरसमज. येते, पण दिसत नाही. वीजपुरवठ्यातल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधला द्रव हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले तर त्याचे आयुष्य निम्मे होते. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या कीबोर्डचा हिशेब त्यावरून करा. पट्ट्यांखालची काळी रबरी बटणे झिजतात. सेटिंग जपणारी नाण्याएवढी बॅटरी संपते. फ्लॅश स्मृतीत माहिती टिकण्याची मुदत बनवणारे सहसा दहा ते वीस वर्षे सांगतात. आणि नक्कल नुसती सॉफ्टवेअरच्या रूपात असेल, तर तिचे आयुष्य दुसऱ्याच कुणाच्या हातात. ऑक्टोबर २०१९मध्ये अॅपलने आपल्या संगणकांची नवी प्रणाली आणली आणि तिने ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम चालवणेच बंद केले. ज्यांनी प्रणाली बदलली, त्यांची कित्येक जुनी वाद्ये एका रात्रीत मुकी झाली. एकही तार तुटली नव्हती, एकही कपॅसिटर सुकला नव्हता.

टेपचा बिघाड ऐकू येतो. सूर उतरतो, थरथर वाढते, मग एक पट्टी जाते, पण उरलेल्या चौतीस वाजतात. यंत्र आधी खोकते, मग अंथरूण धरते. डिजिटल यंत्र काल ठणठणीत आणि आज गतप्राण. आरोग्याच्या क्षेत्रात हाच फरक रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात दिसतो. जुन्या यंत्रात पारा शून्यावर बसला नाही की डॉक्टरांना डोळ्यांनी कळे. डिजिटल यंत्राचा पट्टा सैल असो, मापन चुकलेले असो, पडद्यावर आकडा येतो तो त्याच ठसठशीतपणे. पारा विषारी आहे, मिनामाता कराराने २०२०नंतर अशी यंत्रे बनवण्यावर बंधन आणले ते योग्यच झाले, आणि पुन्हा पाऱ्याकडे जा असे कुणी म्हणणार नाही. पण न दिसणारा बिघाड तपासायची सवय आपण नव्या यंत्राबरोबर विकत घेतली नाही. घरातले डिजिटल यंत्र वर्षातून एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून पाहणारे किती जण तुम्हाला माहीत आहेत?

कुणी म्हणेल, बर्मिंगहॅमच्या वाद्याचे आपल्याला काय? पण नक्कल करणाऱ्या वाद्यांशी आपली ओळख जुनी आहे. १९५४च्या 'नागिन' चित्रपटात लोकांना डोलायला लावणारी पुंगी खरी नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. १९७९च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि आज रियाजाला बसणाऱ्या कितीतरी घरांत तोच, किंवा त्याची मोबाइलमधली आवृत्ती सुरू असते. तानपुऱ्याची तार तुटली तर पाच मिनिटांत नवी लागते, जवारी बिघडली तर मिरजेचा कारागीर ती लावून देतो. मोबाइलमधला तानपुरा तुटत नाही. फक्त एके दिवशी नव्या फोनवर तो सापडत नाही.

त्याहून जवळचे उदाहरण संगीत नाटकाच्या ऑर्गनचे. परदेशातून आलेले, पायाने भाता मारून वाजवायचे ते वाद्य. बालगंधर्वांच्या काळात ते नाटकाच्या साथीला बसले आणि शंभरीकडे झुकलेले काही ऑर्गन अजून महाराष्ट्रात नाट्यगीतांना साथ करतात. त्याला टेप नाही, वीज नाही. पितळी सूर, चामडे, कापड, लाकूड. भाता फाटला तर चामडे चिकटवतात, सूर बसला तर खरवडून लावतात. बनवणारी कंपनी बंद होऊन कित्येक दशके झाली, तरी वाद्य चालू आहे, कारण कंपनीकडे नसलेले ज्ञान पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे आहे. आज बऱ्याच प्रयोगांत त्याच्या जागी कीबोर्डवरचा ऑर्गनचा टोन वाजतो. मला त्याचे वाईट वाटत नाही. वजनदार ऑर्गन टेम्पोत घालून नेणे काय असते, हे ज्यांनी खांदा दिला त्यांना विचारा. पण शंभर वर्षांनी यातले कुठले वाद्य वाजत असेल, यावर पैज लावायची झाली तर मी कीबोर्डवर लावणार नाही.

मेलोट्रॉनच्या बाबतीतही हेच झाले. मूळ कंपनी १९८६मध्ये बंद पडली. पण यंत्र उघडून समजण्यासारखे होते, म्हणून त्याचे जाणकार उरले. पुढे त्याच ब्रॅडली घराण्यातल्या एकाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने जुनी यंत्रे दुरुस्त करण्याचे काम पुन्हा उभे केले, आणि २००७मध्ये टेपवर चालणारे नवे वाद्यसुद्धा बनवले. पन्नास-साठ वर्षे जुने मेलोट्रॉन आज वाजतात ते त्यामुळे. डिजिटल नकलांचे असे काही होईल का, हे त्यांचे बनवणारे आपला नकाशा आणि प्रोग्रॅम मागे ठेवून जातात की बरोबर घेऊन जातात, यावर ठरेल.

यात सरकारचा काही भाग आहे का? आहे. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये एक पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यात आधी घेतली. वाद्यांचे वेगळे नाव नव्हते, आणि ट्रॅक्टरपुढे कीबोर्डची काय मातब्बरी, हे मलाही कळते. पण ज्याचे पोट त्यावर आहे, त्याच्यासाठी कीबोर्ड हेच ट्रॅक्टर आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. वस्तू उघडायला किती सोपी, नकाशा मिळतो का, सुटे भाग किती वर्षे आणि काय भावाने मिळतील, यावर ते गुण ठरतात. फ्रिजवर विजेचे तारे बघून आपण खरेदी करायला शिकलो, तसे हेही शिकता येईल. माझी मागणी याहून थोडी पुढची आहे : ज्या दिवशी कंपनी एखादे मॉडेल बंद करते आणि सुटे भाग देणे थांबवते, त्या दिवशी त्याचा नकाशा आणि प्रोग्रॅम खुला करणे तिला बंधनकारक असावे. विकायचे नसेल तर लपवायचे कशाला?

तोवर वादकांनी काय करावे? खरेदी करताना टोन किती आहेत, हे विचारण्याआधी या मॉडेलचा बोर्ड आणखी किती वर्षे मिळेल, हे विचारावे आणि उत्तर बिलावर लिहून मागावे. दुकानदार हसेल, हसू द्या. ऑर्केस्ट्रातल्या दोघा-तिघांनी एकाच मॉडेलचे कीबोर्ड घेतले, तर एक मेलेला दुसऱ्याला जगवतो. मालवाहू गाड्यांचे मालक हे कित्येक वर्षे करत आले आहेत. आपले सेटिंग पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावे. कीबोर्ड वापरात नसताना पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात, आणि आठवड्यातून एकदा तो अर्धा तास चालू करावा.

परवा अॅम्प्लिफायर आणायला गेलो, तेव्हा त्या तरुणाची चौकशी केली. पावसाळ्यात पाण्यात गेलेला त्याच मॉडेलचा एक कीबोर्ड काकांना भंगारवाल्याकडे सापडला होता. त्याचा बोर्ड त्यांनी काढून, धुऊन, टेबलाच्या टोकाला दिव्याखाली वाळत ठेवला होता. चालेल का, विचारले तर म्हणाले, "अजून दोन दिवस वाळू दे, मग लावून बघतो." पोरगा तोवर भाड्याच्या कीबोर्डवर वाजवतो आहे. एका कार्यक्रमाचे पंधराशे रुपये भाडे, आणि जुन्या कीबोर्डचे दोन हप्ते अजून बाकी.